बाबुरावांची साक्ष

आमच्या परळच्या चर्चमध्ये रविवारी पाळकसाहेबांनी "कुणाला साक्ष द्यायचीय का?" असं विचारायचा अवकाश, आमचे हे, बाबुराव, उठलेच! साक्ष म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते मंडळीसमोर सांगायचं. आणि हे काय सांगणार? "मी महापापी. रे रोडच्या वखारीतला पगार गुत्त्यावर उडवला. पोरीच्या बाप्तिस्म्याला पिऊन आलो, तिला हातातून पाडणार होतो..." अहो, मागच्या बाकावरच्या कॉलेजच्या पोरांना तोंडपाठ झालंय सगळं! यांच्याबरोबर ओठ हलवतात मेले.

दारू सुटून वर्षं लोटली. प्रभूनं सोडवलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. देवानं माफ केलं, मीही केलं. मला जरा वेळ लागला, खोटं कशाला बोलू? पण हे काही स्वतःला सोडायला तयार नाहीत.

मग आमच्या सीमाचं लग्न ठरलं. अँटॉप हिलचा अभय, गुणी मुलगा. बापानं मुलीचा हात धरून तिला वेदीपाशी न्यायचं, ही आमच्यातली रीत. तर हे म्हणाले, "मामा नेईल तिला. ज्या हातांनी पाडणार होतो, त्याच हातांनी कसं देऊ?"

सीमा रडली. मी भांडी आपटली. पाळकसाहेब घरी आले, चहा पिता पिता म्हणाले, "बाबुराव, प्रभूनं बेडी तोडली. तुम्ही तुकडे गोळा करून पुन्हा जोडत बसलात होय?" यांनी मान डोलावली आणि तरी नाहीच म्हणाले. असा राग आला मला!

लग्नाच्या दिवशी माझा भाऊ माधव सीमाला घेऊन वेदीपाशी गेला. हे माझ्या शेजारी, नवा कोट घालून, मान खाली घालून बसलेले. पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "ही वधू लग्नासाठी कोण देतो?"

माधव गप्प. विसरला की काय म्हणून मी डोळे वटारले, तर हा शहाणा छताकडे बघतोय! सीमा गालातल्या गालात हसतेय. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामा-भाचीनं आधीच ठरवलं होतं. पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं, तेही थेट यांच्याकडे बघून.

हे उठले. सवयीप्रमाणे खाकरले. झालं! आता व्याह्यांसमोर गुत्ता, बाप्तिस्मा, सगळं काढणार!

हे पुढे गेले. माधवच्या हातातून सीमाचा हात घेतला.

"मी देतो," म्हणाले. "मी तिचा बाप."

आणि थांबले! पुढे एक अक्षर नाही. मला इतका आनंद झाला की मी भर चर्चमध्ये टाळ्या वाजवल्या. माझ्यामागोमाग सगळ्या मंडळीनं वाजवल्या. हे रडतही होते, हसतही होते आणि सीमाचा हात काही सोडेनात. शेवटी अभयच हळूच म्हणाला, "बाबा, आता मला द्या ना."