हिल्सबरो ते रिकार्टन, व्हाया पुणे

२०१४ साली मला एका जागी बसवत नव्हतं. ऑकलंडच्या हिल्सबरो भागात मी राहायचे, शहरातल्याच एका छोट्या सल्लागार कंपनीत नेटवर्क इंजिनियर होते आणि माझ्या वाट्याला आफ्रिकेचं काम आलं होतं. पूर्व आफ्रिकेतले दोन शेजारी देश, प्रत्येकात एक मोठी टेलिफोन कंपनी. इकडच्या माणसाने सीमेपलीकडच्या मित्राला साधा ईमेल पाठवला, तरी तो समुद्राखालच्या केबलने आधी युरोपात जायचा आणि तिथून उलटा फिरून शेजारच्या शहरात पोचायचा. या वळशाचं भाडं दोन्ही कंपन्या मुकाट्याने युरोपला भरत होत्या. त्यापेक्षा दोघींनी एकमेकींना थेट जोडून घ्यावं, त्यात त्यांचाच फायदा आहे, हे तिथल्या वरिष्ठांना पटेल असा अहवाल मी लिहायचा. बिझनेस केस.

यात पटवायचं काय, असं मला वाटलं. शेंबड्या पोरालाही कळेल! मी तक्ते केले, आलेख काढले, वेळ किती वाचेल ते मांडलं. अशा अहवालात एक ठरलेला रकाना असतो: नुकसान कुणाचं? तो मी एका ओळीत उरकला. ‘फक्त मधल्या वाहकाचं.’ म्हणजे वळशाचं भाडं खाणाऱ्या युरोपातल्या कंपनीचं.

आठवड्यातून एकदा आमचा कॉल असायचा. तिथे सकाळचे दहा, इथे रात्रीच्या जेवणाची वेळ. एका कंपनीच्या मुख्य इंजिनियर, शांत आवाजाच्या एक बाई, अहवाल वाचून म्हणाल्या, “सगळं बरोबर आहे. पण केबल घेऊन कुणी कुणाच्या दारात जायचं, ते यात नाही. आमचे साहेब म्हणतात, त्यांनी यावं. त्यांचे साहेब म्हणतात, आम्ही यावं. जो जाईल तो गरजू ठरेल.”

मी माइक बंद करून मराठीत ओरडले, “हे काय लग्नातलं मानपान आहे? अडलंय कशावर, तर आधी कुणी जायचं!”

नवरा वरण वाढत होता. तो नुसता हसला आणि म्हणाला, “तू बोलतेस हे?”

मला झोंबलं, कारण रोख माझ्या भावाकडे होता. भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. त्याला मीच इथे आणलं, माझ्याच कंपनीत शब्द टाकून चिकटवलं. आठ महिन्यांत तो क्राइस्टचर्चच्या दुसऱ्या कंपनीत निघाला, आणि हे मला कळलं माझ्या मॅनेजरकडून. त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मी त्याला जे बोलले, ते धाकट्या भावालाच काय, कुणालाही बोलू नये. तो क्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागात राहायला गेला. त्याला दोन वर्षं झाली होती. मी फोन केला नाही. मी मोठी, चूक त्याची, त्याने करावा.

खबरबात मात्र मिळायची. दर रविवारी दुपारी दोनला मी पुण्याला आईला फोन करायचे. तिथे तिचा सकाळचा चहा चाललेला असायचा. “तो कसा आहे?” मी विचारायचे. “मजेत आहे,” आई म्हणायची. माझ्यानंतर तो फोन करतो, हे मला ठाऊक होतं. माझं विचारणं आई पोचवत असेल, असं मी धरून चालले होते.

त्या कॉलनंतरच्या रविवारी आई बोलण्याच्या ओघात म्हणाली, “टाके काढले आता, हिंडतोय घरात.”

“कसले टाके?”

मग तुकड्यातुकड्यांत बाहेर आलं. अपेंडिक्स फुटलं होतं, घाईघाईने ऑपरेशन झालं, तीन आठवडे उलटून गेले होते.

“आई, मला सांगितलं नाहीस?”

“कशाला उगाच तुझ्या जिवाला घोर? तू एवढी लांब.”

“मी लांब नाहीये! विमानाने दीड तासावर आहे मी. लांब तू आहेस!”

हे मी ओरडून म्हटलं, आणि म्हटल्याक्षणी नको होतं असं झालं. “बरं, मी सांगते त्याला, तू विचारत होतीस म्हणून,” आई हळूच म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

घरात दूध असताना मी दूध आणायला कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले. परत आले, पुन्हा बाहेर पडले. मुलगी म्हणाली, “Mum, just go see him!” तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी शनिवारचं तिकीट काढलं. फोन केला असता तर तो नको म्हणाला असता.

रिकार्टनला त्याने दार उघडलं ते पोटावर हात धरून, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, गाल बसलेले. मला बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“ताई? आई बरी आहे ना?”

“आई ठणठणीत आहे. तुला बघायला आलेय.”

त्याने चहा टाकला. पाठमोराच म्हणाला, “तीन आठवडे झाले. तू एकदाही विचारलं नाहीस.”

“दर रविवारी विचारत होते.”

तो वळला. आईने त्याला एवढंच सांगितलं होतं की मी मजेत आहे. गेल्या हिवाळ्यात माझं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं, हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. मला रडू आलं आणि संतापही आला, आईचा नाही, माझाच.

दुपारी आम्ही दोघांनी एकाच फोनवरून आईला लावला. शनिवारी फोन म्हटल्यावर ती घाबरलीच. दोघंही एका घरात आहोत, असं मी तिला सांगितलं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “आता तुम्ही परस्परच बोलाल. उद्या फोन नाही केलात तरी चालेल.”

भाऊ खिडकीबाहेर बघत राहिला. मला माझा एका ओळीत उरकलेला रकाना आठवला: नुकसान कुणाचं? फक्त मधल्या वाहकाचं.

अहवाल मी परतीच्या विमानातच बदलायला घेतला. कुणीच कुणाच्या दारात जायचं नाही. दोघींनी आपापली केबल एकाच दिवशी तिसऱ्या जागी आणायची. पुढे दोन्ही कंपन्या तयार झाल्या त्या याच पानावर, आलेखांवर नाही.

रविवारी सकाळी मी घरी पोचले. दोन वाजायची वाट बघत घरभर फिरत होते. दोनला पाच कमी असतानाच आईचा नंबर लावला. एंगेज्ड. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज्ड. भावाने माझ्याआधीच लावला होता. मी चिडचिड करत, डोळे पुसत, पावणेतीनपर्यंत तोच नंबर फिरवत राहिले.