धुरकट मामा

नंदुरबारच्या घड्याळवाल्या रमजानभाईंचा मुलगा तौसिफ लग्नांचे फोटो काढतो. बाप दिवसभर एका बारीक काट्यावर डोळा लावून बसणार, आणि मुलाच्या पायाला भिंगरी! चहा उभ्याने, जेवण उभ्याने. मांडवात तर हा कुठल्या खुर्चीवर चढलाय नि कुठल्या टेबलाखाली शिरलाय, ते यजमानालाही सापडायचं नाही. बोटंसुद्धा तशीच. काही तरी फिरवायला हवं, पिळायला हवं, उघडून बघायला हवं.

अशा माणसाच्या हाती देवाने काय द्यावं, तर फोकससाठी हाताने चकती फिरवायची लेन्स!

तीन वर्षांपूर्वी सुरतच्या भंगारबाजारात त्याला एक मेलेला कॅमेरा मिळाला. शेजारच्या छोट्या खिडकीत एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसायच्या, त्या एकावर एक आणल्या की फोकस जुळला, अशा जुन्या चालीचा. कॅमेरा कामातून गेला होता, पण त्याच्या पुढची लेन्स जिवंत होती. पन्नास एमएम, वन पॉइंट टू. तिचं तोंड एवढं मोठं की तिन्हीसांजेलाही फ्लॅश लागू नये. अब्बांनी घड्याळाची हत्यारं काढून ती उघडली, काचेवरची बुरशी पुसली, आट्यांत नवं ग्रीस भरलं. मग अडॅप्टरची कडी मागवून तौसिफने ती आपल्या नव्या कोऱ्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवली. कॅमेऱ्याला तिची ओळखच पटेना. पडद्यावर एकच हेका, लेन्स लावलेली नाही! शेवटी मेनूत जाऊन, लेन्स नसली तरी फोटो काढ बाबा, असं त्याला समजवावं लागलं.

पण फोटो असे यायचे की हा वेडाच झाला. तिचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं की चेहऱ्यावर दुधाच्या सायीसारखा एक मऊपणा यायचा आणि मागचं सगळं विरघळून जायचं. दुसऱ्या लेन्सा कशा, बटण दाबलं की आपोआप डोळा पकडतात. इथे चकती केसभर इकडेतिकडे झाली की पापणी सुटून कान पकडला जायचा. तौसिफला तेच आवडायचं. त्याच्या बोटांना काम होतं ना!

तर आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन दिवसांवर आली होती आणि तौसिफला जेवण जात नव्हतं.

माघात पुरुषोत्तमनगरला चारुलताताईच्या मुलीचं लग्न झालं. ताईचा नवरा तिथल्या साखर कारखान्यात. ताईचा एकुलता भाऊ धानोऱ्याचा, इंद्रसिंग बापू. बहीणभावात शेताच्या बांधावरून आठ वर्षं बोलणं बंद. आठ वर्षं आखाजीला ताईकडे मुऱ्हाळी आला नाही. खान्देशात ज्या सासुरवाशिणीला आखाजीला माहेरचं माणूस न्यायला येत नाही, तिला गल्लीतल्या बायका तोंडावर काही बोलत नाहीत, पण बघतात. ते बघणं ताईने आठ वर्षं सोसलं. भाचीच्या लग्नाला मात्र बापू आले. केशरी फेटा बांधून आले. सकाळीच ताईने तौसिफला बाजूला घेतलं होतं.

"तौसिफभाऊ, बाकी कोनी सुटना तरी चाली. मन्हा भाऊना फोटो बराबर काढजो."

हे तिने तीनदा सांगितलं. याने तीनदा मान हलवली.

गोरज मुहूर्त. मामा भाचीला घेऊन निघाले. ती पुढे, ते दोन पावलं मागे. उजेड उतरलेला, पोरीच्या डोळ्यांत पाणी उभं, आणि तौसिफच्या बोटांना खाज सुटली. चांगली चालू लेन्स उतरवून त्याने जुनी चढवली, पूर्ण उघडली, पापणीवर नेऊन ठेवली. दहा-बारा फोटो. पोरगी अशी आली की बघत राहावं. मामा? केशरी फेट्याचा एक ढग, आणि खाली चेहऱ्याच्या जागी धूर.

गाढवपणा इथेच थांबता तरी ठीक होतं. पण पठ्ठ्याने तोच फोटो अल्बमच्या पहिल्या पानावर अख्खा छापला!

चैत्रात अल्बम पोचला. घर भरून माणसं बसली, बापूही आले होते. त्यांनी पहिलं पान बघितलं. मग शेवटपर्यंत उलटून पाहिलं. जेवणाच्या पंगतीत एके ठिकाणी स्वतःचा अर्धा कान सापडला.

"मी कोठे शे यामा?" त्यांनी विचारलं. मग अल्बम मिटून खाली ठेवला. "समजनं," म्हणाले. टोपी डोक्यावर ठेवली आणि चहा तसाच ठेवून निघून गेले. त्यांच्या मनाने घेतलं की बहिणीनेच फोटोवाल्याला सांगून आपल्याला पुसलं. तेव्हापासून ते तिचा फोन उचलत नव्हते, म्हणजे यंदाच्या आखाजीलाही मुऱ्हाळी येणार नव्हता.

ताईने विचारलं तेव्हा तौसिफ म्हणाला, "ताई, जुनी लेन्स, दगा देई गयी." खोटं, सपशेल खोटं. खरं सांगितलं तर शहाद्यापासून खांडबाऱ्यापर्यंत कोण याला मांडवात उभं करील? मग कॉम्प्युटरवर चेहरा उजळून बघितला. मशीनने बापूंना एक गोरं, धारदार नाक लावून दिलं. असला माणूस त्यांच्या सात पिढ्यांत नसेल. तौसिफने ते पुसून टाकलं, आणि दोन दिवस तो दुकानात नुसता येरझारा घालत राहिला.

अब्बांनी डोळ्यावरचं भिंग उतरवलं. "गलती की है ना? तो जाके बोल. यहाँ क्या चक्कर काट रहा है?"

दुपारीच त्याने मोटारसायकल काढली. धानोऱ्याला बापू ओसरीवर खाटेवर बसले होते. याला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. पाणी दे म्हणूनही घरात सांगितलं नाही.

तौसिफने कॅमेरा बाहेर काढला. लेन्स किती जुनी, पूर्ण उघडली की चार बोटांपुरतंच कसं साफ येतं, मागचं कसं जातं, भडाभडा सगळं सांगितलं. बापूंनी हात पुढे केला. कॅमेरा डोळ्याला लावला, चकती फिरवली. दारातली गाय आली, खुंटा गेला. खुंटा आला, गाय गेली. बराच वेळ ते फिरवत होते.

"म्हनजे आपोआप व्हत नही हाई," ते म्हणाले. "कोनी तरी फिरावं लागस. मंग त्या दिन कोन्ही फिराई?"

"मी."

"तिन्ही सांगं म्हनीसन?"

आता मात्र तौसिफचे पाय म्हणत होते, पळ. तो उभाच होता, तो पहिल्यांदा खाली जमिनीवर बसला.

"नही, बापू. ताईनी तीन डाव सांगेल व्हतं, मन्हा भाऊना फोटो बराबर काढजो. बाकी कोनी सुटना तरी चाली, म्हने. मीच इसरी गऊ. माले पोरगी दिसनी, तुम्हीन दिसनाच नही. आनि ताईले मी खोटं सांगं."

हा शिव्यांची वाट बघत होता. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तो फोटो शे का तुन्हापा?"

तौसिफने मोबाइलवर काढून दिला. बापूंनी हात लांब करून, डोळे बारीक करून बघितलं.

"मी त्या दिन यामा मालेच शोधी ऱ्हायंतू," ते म्हणाले. "पोर कशी दिसस, ते देखंच नही." त्यांनी मोबाइल खाली केला. "चारू अशीच रडनी व्हती, तिनं लगीन व्हतं तव्हय."

मोबाइल परत दिला आणि खिशातून आपला काढला. "तू आते जाय. आनि मन्हा घरना लगनमा माले तुन्हं तोंड दिसाले नको."

तौसिफ उठला. कॅमेरा पिशवीत घालेपर्यंत पलीकडे फोन लागला होता.

"चारू, मी बोली ऱ्हायनू. आखाजीना आदला दिन येस तुले लेवाले. पोऱ्याले नही धाडत, मी सोता येस."

मग ताईचा आवाज आला, अगदी साधा.

"कितला वाजता येशी, दादा?"