काकूची आढी

दवाखान्यात माणसं गप्प बसतात असं मला वाटायचं. तसं काही नसतं. काकूला घेऊन सोलापूरला गेलं की परंड्याला परत येईपर्यंत दोन-चार गोष्टी ओढणीला कुसळासारख्या चिकटलेल्याच असतात. काढायला बसलं की आणखी सापडतात.

काकू म्हणजे माझ्या काकांची बायको. तिचं लग्न झालं तेव्हा मी बालवाडीत होते, आता दहावीत आहे. काकूला मूल हवंय. काकांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, ते दर वेळी बंद ठेवता येत नाही. म्हणून सोबतीला मी.

*

गल्लीत काही सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं. मग काय सांगायचं, ते मात्र ठरवायचं राहिलं. आज्जीनं नळावर सांगितलं, "सूनबाई डोळे दाखवायला गेलीय." काकांनी दुकानात सांगितलं, "दाढेचं काम निघालंय."

शेजारच्या शकीलाचाचींनी दोन्ही ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूला दारातच धरलं.

"सूनबाई, डोळ्याला झालंय का दाढेला?"

काकू झाडू न थांबवता म्हणाली, "एकच नस हाय म्हणत्यात, चाची."

तेव्हापासून चाची त्या नसेची चौकशी करायच्या.

*

तेव्हा उपचार दुसरीकडं चालू होते. रोज इंजेक्शन. काकूच्या अंगाला ती सोसली नाहीत. पोटात पाणी साठलं, पोट फुगलं, ओसरीवरून स्वयंपाकघरात जायचं तरी दम लागायचा. डॉक्टरांनी उपचार तिथंच थांबवले.

त्याच आठवड्यात चाची पदराखाली वाटी झाकून आल्या. वाटीत कोवळ्या चिंचा आणि मीठ. हळूच म्हणाल्या, "कुठली नस ते आता कळलं मला. खा बेटी, मन मारू नको."

आज्जी खरं काय ते सांगायला उठली. काकूनं हातानंच तिला थांबवलं. पायरीवर बसली आणि वाटीतल्या सगळ्या चिंचा मीठ लावून खाल्ल्या. वाटी धुऊन परत देताना म्हणाली, "लई दिवसांनी आंबट गोड लागलं, चाची."

*

नंतर सोलापूरच्या डॉक्टर मॅडम भेटल्या. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. काकूच्या अंडाशयात बीजं भरपूर आहेत, पण एकही पिकत नाही. जोराची औषधं दिली तर सगळी एकदम फुगतात आणि परत तोच त्रास होतो. म्हणून आता बीजं कच्ची असतानाच काढायची, लॅबमध्ये पिकवायची, मग पुढचं. इंजेक्शनं अगदी थोडी.

आज्जी त्या दिवशी हट्टानं सोबत आली होती. चित्राकडं बघत म्हणाली, "म्हंजी आढीच घालायची की."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कसली आढी?"

"आंब्याची वो. पाड लागायच्या आदी उतरवायचा न् गवतात घालायचा."

"हो. तसंच समजा, आजी."

आज्जी खूश होऊन काकूकडं वळली, पण लगेच परत फिरली. "पण मॅडम, आढीत घातलेला समदाच आंबा पिकत न्हाय."

मॅडम म्हणाल्या, "इथंही नाही पिकत. आणि पिकलं तरी मूल होईलच असं नाही. ते मी आधीच सांगून ठेवते."

येताना बार्शीला गाडी बदलताना आज्जी म्हणाली, "बाई खरं बोलती. हितंच करू."

*

त्या दवाखान्यात तेरखेड्याच्या एक ताई भेटायच्या. त्यांचे मालक फटाक्याच्या कारखान्यात कामाला. ताई बाकावर बसल्या की सगळा हॉल त्यांच्याकडं कान लावून असायचा.

एकदा सिस्टर सगळ्या बायकांना सांगत होत्या, "टेन्शन अजिबात घ्यायचं नाही. मन शांत ठेवायचं."

ताई म्हणाल्या, "सिस्टर, माझी सासू आठ दिवस तुमच्याकडं पाठवते. मग बघू कोण शांत ऱ्हातंय."

पलीकडच्या भिंतीला मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले सगळे नवरेसुद्धा हसले. त्यात ताईंचेही होते, पण ते जरा उशिरा हसले.

मग ताईंनी काकूला विचारलं, "तुमाला काय पायजे वो? पोरगा का पोरगी?"

काकू म्हणाली, "रडणारं."

ताई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. मग पिशवीतला डबा काढून त्यांनी धपाट्याचा मोठा तुकडा काकूच्या हातावर ठेवला.

*

बीजं काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी, किती पिकली ते सांगायला मॅडमचा फोन येणार होता. काकूनं मोबाइल फ्रिजवर ठेवला आणि भाकरी करायला बसली. फोन वाजला की पिठाच्या हातानं धावायची. दर वेळी काकाच. दुकानातून विचारायचे, "आला का फोन?"

शेवटी काकू म्हणाली, "तुमी ठिवा, मंग यील."

मॅडमचा फोन आला तेव्हा मात्र काकू हलेना. मला म्हणाली, "तू घे. स्पीकर लाव."

मॅडम म्हणाल्या, बरीच कच्ची राहिली, पण तीन छान पिकली आहेत. काकांना कळवायला मी माझ्या चपला शोधायला लागले. तेवढ्यात काकू फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "मॅडम, जी पिकली न्हाईत त्येंचं काय करता?"

मॅडम म्हणाल्या, "त्यांचं काही करता येत नाही हो."

"बरं," काकू म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली होती. ती तिनं स्वतःच्याच ताटात वाढून घेतली.

*

पिकलेल्या बीजांपासून लॅबमध्ये गर्भ तयार झाले, त्यातला एक मॅडमनी काकूच्या पोटात सोडला. राहिला की नाही, ते रक्त तपासल्यावर कळणार होतं. आणि तपासणीच्या आदल्या दिवशीच आमच्या घरात बारसं आलं. आत्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिच्या बाळाचं.

आमच्याकडची रीत अशी: पाळण्याच्या दोन्ही बाजूंना दोन लेकुरवाळ्या उभ्या राहतात. एक जण "कुणी गोविंद घ्या" म्हणत बाळ पाळण्याखालून देते, दुसरी "कुणी गोपाळ घ्या" म्हणत ते वरून परत करते. अशा वेळी काकू दर बारशाला स्वयंपाकघरात घुगऱ्या परतत असते. तिला कुणी जा म्हणत नाही. ती आपणच जाते.

आज्जी सकाळपासून मुहूर्तासाठी सगळ्यांच्या मागं लागली होती. "आवरा, येळ टळंल." पाळण्याच्या एका बाजूला माझी आई उभी राहिली. दुसऱ्या बाजूला नात्यातल्या एक मामी पदर खोचून पुढं झाल्या. आज्जीनं त्यांना हातानं अडवलं आणि स्वयंपाकघराकडं बघून हाक मारली, "सूनबाई, गॅस बारीक कर आन् हिकडं ये."

मामी म्हणाल्या, "अवो, तिला कशाला?"

आज्जीनं ऐकलंच नाही. काकू ओले हात पदराला पुसत आली. आईनं "कुणी गोविंद घ्या" म्हणत बाळ पाळण्याखालून दिलं. काकूनं ते घेतलं, छातीशी धरलं, आणि तशीच उभी राहिली. बाळानं जांभई दिली. बायका वाट बघत होत्या. आईचे हात पुढं केलेले तसेच होते.

मामी म्हणाल्या, "गोपाळ घ्या म्हण की गं."

काकू म्हणाली, "म्हणते. जरा थांबा."

आज्जीनं भिंतीला टेकवलेला पाट ओढून घेतला आणि त्यावर बसली.

"बसा गं समद्या," ती म्हणाली. "मुहूर्ताला लई येळ हाय अजून."