आमच्या म्हशीचं फॅट

नायगावजवळच्या आमच्या गावात आईच्या म्हशीचं दूध म्हणजे नुसता खवा, असं लोक म्हणायचे आणि आईही ते ऐकायला कान टवकारून असायची. त्यामुळे डेअरीच्या नव्या मशीनने तिच्या पावतीवर वरचेवर कमी फॅट दाखवलं, तेव्हा घरात सुतक आल्यासारखं झालं. ही पण पाणी घालायला लागली, अशी कुजबुज सुरू झाली. शेजारची काकू तेवढी धीर द्यायची. दोघी जोडीनेच डेअरीवर जात, काकू पुढे, आई मागे.

आईने मला लातूरला फोन लावला. "मशीन तुझ्याच हापिसातलं हाय ना? मग ये अन् इचार त्याला, म्या कवा पाणी घातलं?"

मशीन आमचंच होतं, प्रोग्राम माझ्या आधीच्या कुणा महाशयांचा. अशा यंत्रात मेमरी तुटपुंजी, म्हणून सारख्या मापाचे काही कप्पे आधीच राखून ठेवतात. गिऱ्हाईक आलं की एक कप्पा घ्यायचा, त्यात फॅट लिहायचं, पावती छापायची, कप्पा परत. नुकता परत आलेला कप्पाच पुढच्याला मिळतो. महाशयांनी तो पुसायची तसदी घेतली नव्हती. आईचं दूध इतकं दाट की मोजायला वेळ लागे. मशीन कंटाळायचं आणि कप्प्यातलं आधीच्या गिऱ्हाइकाचं जुनंच फॅट छापून मोकळं व्हायचं. दूध चांगलं म्हणून बदनामी! मी एकटीच खो खो हसले.

मग परत आलेला कप्पा पुसायची सोय केली. नवा आकडा लिहिल्याशिवाय पावती निघणार नाही, असंही केलं आणि मोजायची मुदत वाढवली. गावी जाऊन नवा प्रोग्राम चढवला.

संध्याकाळी आईची पावती झकास निघाली. तिने ती अख्ख्या रांगेला दाखवली, मशीन जुनाच आकडा छापत होतं हेही सांगितलं. मला तर शिट्टी वाजवावीशी वाटली.

"मंग ते आधीचं फॅट कोणाचं व्हतं?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

आईला मी घरीच सगळं समजावलं होतं. तिच्या पुढे कोण असतं, हे तिला सांगायची गरज नव्हती. काकू किटलीचं झाकण उगाच घट्ट करत उभी होती. तो आकडा आपला होता, हे तिनेच सगळ्यांसमोर कबूल करावं, असं मला फार वाटत होतं, कारण आई कितीतरी दिवस मान खाली घालून आली-गेली होती. मी तोंड उघडलं.

"कोणाचंच न्हाई," आई म्हणाली. "मशीनच येडं व्हतं. लेकीनं नीट केलं."

काकूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईने तिच्या हातातली किटली घेतली आणि म्हणाली, "चल बाई, घरी जाऊ."