भिंगरीबाई आणि भाचीचं पोट

भिंगरीबाई पहिल्यांदा दिसल्या तेव्हा वाटलं, इस्पितळात वावटळ शिरली. आधी आवाज आला, मग पांढरा कोट, मग त्यांच्या वाऱ्याने उडालेले फलकावरचे कागद आणि सगळ्यात शेवटी बाई. "पोटदुखीचं पोर कुठाय?"

पोर म्हणजे माझी भाची. सकाळपासून उजवी बाजू धरून वाकलेली. ताई तिच्या उशाशी, माझी बायको पायथ्याशी, मी येरझारा घालतोय. सर्जनना सगळं इस्पितळ पाठीमागे 'कात्री' म्हणायचं. त्यांनी पोट दाबून सांगितलं होतं, "अपेंडिक्स वाटतंय. सोनोग्राफीत नाही दिसलं तरी दुपारी उघडून बघू." उघडून बघू, जणू डबाच. ताई पांढरीफटक पडली.

भिंगरीबाई सोनोग्राफीच्या डॉक्टर. त्यांच्या अंधाऱ्या खोलीत खुर्ची होती, पण तिच्यावर पिशवी बसायची. बाई जेवायच्याही उभ्याने. डबा घेऊन आलेले त्यांचे यजमान मला म्हणाले, "आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ही हललेली आहे."

जेलीची बाटली त्या काखेत धरून कोमट करत. "गार लागलं की पोरं पोट आवळतात. मग मला काय दिसणार, डोंबल?" भाचीला म्हणाल्या, "कुठे दुखतं ते एका बोटाने दाखव बघू." त्या जागी यंत्र टेकवून, गप्पा मारत, त्या हळूहळू दाबत गेल्या. पडद्यावर मला धुक्यात हरवलेली म्हैस दिसली. बाईंना तीही दिसेना.

"गॅस भरलाय. अपेंडिक्स दिसलं नाही म्हणजे ते बरं आहे असं नाही, बिघडलंय असंही नाही. मी थोड्या वेळाने पुन्हा बघते."

"फुटेपर्यंत बघा," कात्री दारातून म्हणाले. "मी भूलवाल्यांना बोलावतोय. मुलीच्या पोटात काही नाही ना?"

तेव्हा माझी बायको पुढे झाली. सोनोग्राफी म्हणजे पोटभर पाणी, हे आमच्या घराण्यात सगळ्यांना पाठ. पण नुसतं पाणी कशाला, तेवढंच अंगी लागेल, म्हणून तिने भाचीला दूध पाजलं होतं. तांब्याभर.

"भरल्या पोटी भूल दिली तर उलटी छातीत जाते. आता फुटल्याची लक्षणं दिसली तरच घाई. नाहीतर संध्याकाळपर्यंत भूल नाही," कात्री म्हणाले.

"वहिनी, धन्य आहे तुझी," ताई म्हणाली.

"अहो ताई, पोर उपाशी होतं."

भिंगरीबाई मात्र पहिल्यांदाच जागच्या जागी थांबल्या. "दूध प्यायली? उलटी नाही?"

"नाही. दुधाची मिशी पुसून आणखी मागितलं," बायको म्हणाली.

"अपेंडिक्सवालं पोर बहुतेकदा अन्नाकडे बघत नाही," बाई पुटपुटल्या आणि परत सुटल्या.

दुपार काही सरेना. भाची कण्हायची, ताई माझ्या बायकोकडे बघायची, बायको भिंतीकडे. दर दोन पेशंटमागे बाई येऊन पोटावर हात ठेवून जायच्या, मीही उगाच त्यांच्यामागे दारापर्यंत धावायचो. ऊन उतरल्यावर त्यांनी भाचीला आत घेतलं, डाव्या कुशीवर वळवलं, पुन्हा दाबलं.

"सापडलं. हे बघा, शेपटीसारखं. दाबलं की दबतंय, सूज नाही. शेजारी मात्र गाठी सुजल्यात. मध्यंतरी सर्दी-ताप होता?"

"गेल्या आठवड्यात," ताई म्हणाली.

"मग त्यानेच गाठी सुजल्यात, आणि ह्याच दुखतायत. आपोआप उतरतील."

कात्री पडद्यात बराच वेळ वाकून बघत राहिले. "आजची रात्र लक्ष ठेवू, उद्या घरी न्या," म्हणाले आणि पोटाचा डबा न उघडताच गेले. माझी बायको त्या दिवसापासून दुधाबद्दल जे बोलते ते मी इथे लिहीत नाही.

पुढच्या वर्षी भाचीचं पोट पुन्हा दुखलं. या वेळी तिने दूध नको म्हटलं. भिंगरीबाईंना अपेंडिक्स पहिल्याच फेरीत दिसलं, आणि कात्रींनी ते काढलं.