विलासच्या गाडीचे दोन आवाज

गिरणीवर दळणाचे डबे रांगेत साचतात ना, तसे आमच्या गल्लीत किस्से साचतात. आपला नंबर येईपर्यंत दुसऱ्याच्या डब्यात काय आहे ते बघायचं. मी ते मन लावून बघते.

त्या दिवशी गिरणीत माझ्यापुढे दोन बाया बोलत होत्या. "आबा विलासची गाडी विकणार म्हणे. त्या गाडीच्या नळीत ना, एक..." तेवढ्यात गिरणीवाल्याने पट्टा चढवला आणि पुढचं सगळं ज्वारीबरोबर दळलं गेलं.

नळीत एक काय? मला घरी येईपर्यंत दम निघेना.

*

आधी गाडी सांगते. आबा आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी, केळीचे बागायतदार. अक्का त्यांच्या मंडळी आणि विलास एकुलता एक. जळगावात केबल नवी नवी आली, त्या सुमारास विलासने मुंबईच्या कुणा शौकिनाची जुनी परदेशी गाडी घरी आणली. लालभडक, दोघांपुरती, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे पंगतीत पाटावर बसायचं.

आमच्याकडे स्कूटर होती. रोज सकाळी तिला आडवी करून मनवावी लागे. आमचे हे तिला आडवी करत, नेमका तेव्हाच विलास गाडी बाहेर काढायचा आणि काच खाली करून विचारायचा, "काका, धक्का देऊ का?"

पोरगा चांगल्या मनाने विचारायचा. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

*

आबा मूळचे धुळ्याकडचे. राग आला की अहिराणीत शिरतात. गाडी आली त्याच दिवशी त्यांनी ओट्यावरून सांगून टाकलं, "गल्लीमा आवाज उना, का गाडी इकाई गयी."

आवाज आला की गाडी विकली, एवढा सरळ हिशोब. आणि आबांचा शब्द म्हणजे काय, ते गल्लीला माहीत. एकदा लाथ मारली म्हणून भरदुधाची म्हैस त्यांनी त्याच संध्याकाळी विकली होती. गाडीबद्दलचा हा शब्द ऐकून विलास त्या दिवशी जेवला नाही म्हणे. गाडीसाठी त्याने लग्न दोन वर्षं पुढे ढकललं होतं!

मी मात्र त्या दिवसापासून कान लावून बसले. पण गाडी गल्लीतून जायची ती मांजरासारखी. नुसती गुरगुर. माझी फार निराशा व्हायची.

*

गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे. एकदा गाडीचं पोट त्याच्यावर टेकलं आणि चारही चाकं रुसली. मी ह्यांना म्हटलं, जा, जरा हात लावा, म्हणजे कळेल त्या विलासला, शेजारी कशाला असतात ते.

हे गेले. चार-पाच जणांनी मिळून गाडी उचलली. परत आले ते तळहाताकडे बघत. म्हणाले, "अगं, काय मऊ आहे तिचं अंग!"

लग्नात माझा हात धरला तेव्हा हा माणूस मुहूर्त टळतोय का, एवढंच विचारत होता.

*

बहिणीच्या नातवाचं बारसं धुळ्याला. स्कूटर काही मानेना. विलास तिकडेच चालला होता, म्हणाला, काकू, चला. हे एसटीने आले.

पाळधीपर्यंत गाडी गप्प. हायवे मोकळा मिळाला तसा विलासने पाय दाबला आणि मागून अशी डरकाळी फुटली की मी मुक्ताईचं नाव घेतलं. मग त्याच्या मागेच लागले, हा आवाज इतके दिवस कुठे होता?

त्याने सांगितलं ते असं. इंजिन श्वास घेतं तेव्हा हवा आत ओढतं. त्यातली थोडी ओढ एका डबीत साठवून ठेवतात. तिथून बारीक रबरी नळी मागे सायलेन्सरपर्यंत जाते. रसाचा आंबा चोखताना साल कशी आत ओढली जाते, तसा तिथला रबरी पडदा ओढला जातो आणि पाइपातली झडप मिटते. मग धूर वळसा घालून जातो, आवाज मऊ होतो. गाडी जोरात पळायला लागली की ओढ सोडून देतात. स्प्रिंग झडप उघडते आणि धूर सरळ बाहेर, बोंबलत.

"म्हणजे ओढ आहे तोवर गप्प," मी म्हटलं. "आणि नळीच तुटली तर?"

विलासचा चेहरा उतरला. "मग गल्लीतही बोंबलेल, काकू. कुणाला सांगू नका."

बारशाला उतरले तेव्हा बहिणीने विचारलं, गाडी तुमची का? मी पदर सावरत होते, त्यामुळे उत्तर द्यायला जमलं नाही.

*

मी फक्त एकीलाच सांगितलं. तेही झडपेपुरतं. गिरणीत ज्वारीबरोबर अर्धी दळली गेली, तीच गोष्ट त्या संध्याकाळी फिरून माझ्या ओट्यावर आली: गाडीच्या नळीत एक झाकण आहे, त्याची चावी आबांच्या जानव्याला असते, आणि आबांनी गाड्यांचा दलाल बोलावलाय.

जानव्याचं खोटं. आबा जानवं घालतच नाहीत. पण दलालाचं मला गोड वाटलं.

*

मग दसरा आला. आबांच्या घरी दसऱ्याला चालत्या वस्तूला लाल दोरा बांधायची रीत. पंप, शिलाई मशीन, आबांची जुनी जीप, सगळ्यांना अक्का स्वतः बांधतात. लाल गाडीचं बॉनेट विलासने सकाळीच उघडून ठेवलं होतं. अक्कांनी हळदीकुंकू वाहिलं, आतली एक बारीक काळी नळी हाताशी लागली, तिलाच दोरा गुंडाळून कचकचीत गाठ मारली. नारळ फुटला. बॉनेट बंद झालं. विलासने किल्ली फिरवली.

डरकाळी!

भिंतीवरची मांजर माझ्या अंगणात पडली. बठ्ठी गल्ली, लहानथोर सगळी, दारात आली. मी तर आधीपासूनच दारात होते.

विलासने गाडी बंद केली, बॉनेट उघडलं आणि करकचून आवळलेली नळी पाहिली; ओढ तिथेच अडली होती. त्याचा हात गाठीकडे गेला, तेवढ्यात आबा ओट्यावरून उतरले. अक्कांच्या हातातलं ताट तसंच. मला म्हैस आठवली. मनात म्हटलं, गेली गाडी.

आबा वाकले. दोरा पाहिला, नळी पाहिली.

"पूजानी गाठ शे," ते म्हणाले. "सोडू नको."

मग धोतर सावरत, अक्कांच्या खांद्याचा आधार घेत ते गाडीतल्या त्या पाटावर बसले आणि विलासला म्हणाले, "चाल, मयामा." मळा गावाबाहेर, पण गेले कसे? आमच्या गल्लीला तीन फेऱ्या मारून.

दलाल चौथ्या दिवशी खरंच आला. आबांची जीप घेऊन गेला.