स्प्रिंगवाला पिस्टन

वासुदेवकाका मिलमध्ये मागांचे फिटर होते. मिलला टाळं लागल्यावर त्यांनी पोलोग्राउंडच्या एका शेडमध्ये स्कूटर दुरुस्ती सुरू केली. इंजिनाची खडखड मात्र त्यांना सहन व्हायची नाही. आत पेट्रोलचा भडका उडतो आणि दर वेळी बिचाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर घण बसतो, याचंच त्यांना वाईट वाटायचं. मिलच्या मागावर सूत घेऊन इकडून तिकडे सुसाट धावणारा धोटा चामड्याच्या गादीवर अलगद थांबत असे. मग पिस्टनला गादी का नको? त्यांनी दोन तुकड्यांचा पिस्टन घडवला, मध्ये जाड स्प्रिंग बसवली आणि तो स्वतःच्याच स्कूटरला लावला.

पहिली फेरी उषाकाकूंना मागे बसवून, छत्रीबागेकडे. सपाट रस्त्यावर स्कूटर मांजरीसारखी चालली. काका खूश होऊन ओरडले, "क्या बात है! पोटातलं पाणी तरी हललं का?"

पुढे पुलाचा चढ आला आणि स्कूटर मधोमध थांबली.

"आवाजाबरोबर जोरही काढून घेतलात की हो!" काकू उतरून कडाडल्या.

काकांनी वाकून इंजिनाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून ते हसतच सुटले. "अगं, धोटा जिथे थांबतो तिथे गादी असते. मी ती त्याला हाणणाऱ्या दांड्यालाच बांधली! आता ढकलणार कोण?"

मिल बंद झाल्यापासून काकूंनी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पदर खोचला आणि हँडल स्वतः धरलं.

"ढकलणार तुम्ही!"